कूलर थांबला की कान वाजतो

पहिला पाऊस पडला, नागपुरातले कूलर बंद झाले आणि शेजारचे काका दारात हजर. "तीन महिने कूलरजवळ झोपलो, त्यानंच कान बिघडला माझा. रात्रभर कुईऽऽ वाजत राह्यते."

काकांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. कान बिघडला तो तिथल्या खडखडाटात. कूलरनं उलट ती कुई झाकून ठेवली होती!

आतल्या कानात, शंखासारख्या नळीत, आवाज टिपून मेंदूकडे पोचवणाऱ्या जेमतेम 3,500 केसपेशी असतात. मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मेंदूकडे जाणारे संदेश घटतात. मेंदू मग आपली संवेदनशीलता वाढवतो, आणि चेतापेशींची एरवीची विनाकारण चाललेली फडफडही त्याला आवाज म्हणून ऐकू येते. ही फडफड सगळ्यांच्याच डोक्यात असते. 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. (हा योगी सांगतात तो 'अनाहत नाद' नव्हे, आणि लसणाचं तेल कानात ओतून तो जाणारही नाही.)

मग काकांचीच झोप का उडावी? ती कुई मोजली तर बहुतेकांत ऐकू येण्याच्या किमान पातळीच्या दहा डेसिबलच्या आतच भरते. त्रास किती होईल हे आवाजाच्या मोठेपणावर फारसं ठरत नाही. 'आता बहिरा होणार' या विचारानं मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी जोडलेला भाग धोक्याची घंटा वाजवतो, लक्ष तिकडेच खेचलं जातं, लक्ष गेलं की कुई ठळक होते आणि भीती आणखी वाढते. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गाड्या धडधडत जातात, कुणी कूस बदलत नाही. बाळ कुरकुरलं की आई ताडकन उठते. बिनमहत्त्वाच्या आवाजाची मेंदूला सवय होते, महत्त्वाच्या आवाजाला तो जागा होतो. कान का छळतो याचं 1990 मध्ये संशोधक जास्त्रेबॉफ यांनी मांडलेलं प्रारूप याच सवयीवर उभं आहे. विचार बदलायला शिकवणाऱ्या सीबीटी या मानसोपचारानंही कुई घटत नाही, घटतो तो जाच.

एकाच कानात, नाडीच्या ठोक्यावर वाजत असेल किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

काकांना म्हटलं, शांततेत कुई शोधत पडू नका. बारीकसा आवाज राहू द्या, कुई पुरती बुडेल एवढा नको. ते आता पंप बंद ठेवून कूलरचा नुसता पंखा हळू लावतात. काकू वैतागल्यात: भर पावसाळ्यात कूलर!