धाब्याचे घर (खानदेश)

मातीच्या सपाट छताचे पारंपरिक घर. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या सपाटीवरील गावांत ते आढळते. सातपुड्यातल्या पाड्यांवर मात्र कुडाच्या भिंतींची घरे अधिक. लाकडी तुळयांवर कड्या, त्यांवर कामट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या आणि वर मातीचा जाड थर, अशी धाब्याची रचना असते. पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर खारी माती पसरतात. या मातीतल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण ओले होताच सुटे होतात, छिद्रे बुजवतात आणि पाणी खाली न मुरता पन्हाळीतून पडते. उन्हाळ्यात याच धाब्यावर दिवसा पापड-कुरडया वाळतात, रात्री अंथरुणे पडतात. दर वर्षी खारी टाकण्याची मेहनत, वाळवी आणि लाकडाची टंचाई यांमुळे अशी घरे कमी होत गेली.

जगात २०३० पर्यंत ३ अब्ज लोकांना पुरेशा निवाऱ्याची गरज भासेल आणि त्यासाठी रोज ९६,००० घरे बांधावी लागतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या अधिवास कार्यक्रमाचा अंदाज आहे. भारतात २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौ. मी. घराचे माप ठरले. खानदेशात या घरकुलांवर बहुधा सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रे येतात. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तो स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता घरात सोडत राहतो. इथले ऊन धाब्यावर बसवले गेले, असे म्हणायला जागा आहे.

पायाच्या प्रश्नाला संशोधनाने चांगले उत्तर दिले आहे. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना तडे जातात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी बुडाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खुंट विकसित केले, सुमारे ३.५ मीटर खोलीवर, ओलावा फारसा न बदलणाऱ्या थरात ते रोवले जातात. भिंतींसाठी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम झाले. त्यातून पुढे आलेल्या दाबविटेत साधारण ५ ते ८ टक्के सिमेंट असते आणि ती भाजावी लागत नाही. मात्र नुसत्या काळ्या मातीची अशी वीट टिकत नाही. वाळू किंवा चुना मिसळावा लागतो. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीजकेंद्राची राख हा विटांसाठीचा जवळचा कच्चा माल.

छताचा प्रश्न तितका सुटलेला नाही. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर दिल्यास बरेचसे ऊन परतते, आणि खर्चही थोडा. पण धूळ बसली की गुण कमी होतो व तो पुन्हा द्यावा लागतो, खारीसारखाच.