झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कोण चढवते?

जमिनीवर बसवलेला पंप सुमारे 10 मीटरपेक्षा अधिक खोलीवरचे पाणी खेचून घेऊ शकत नाही, कारण नळीतून पाणी वर लोटण्याचे काम प्रत्यक्षात हवेचा दाब करत असतो आणि त्याची शक्ती तेवढ्या उंचीला संपते. कॅलिफोर्नियातील सर्वांत उंच रेडवूड वृक्ष मात्र सुमारे 115 मीटर उंचीवरील पानांना पाणी पुरवतो, आणि त्याच्या खोडात हृदयासारखा कोणताही अवयव नसतो.

मुळे खालून थोडा दाब देतात. पहाटे गवताच्या पात्यांच्या टोकांवर येणारे थेंब बऱ्याचदा याच दाबाने बाहेर पडलेले असतात. पण हा दाब उंच वृक्षांना पुरत नाही. केशाकर्षणाने, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढण्याच्या गुणाने, एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी जेमतेम 30 सेंटिमीटर चढते. मग खोडातील जिवंत पेशी पाणी उचलत असतील का? जर्मनीत काम करणाऱ्या एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी 1890 च्या सुमारास 20 मीटरहून उंच झाडे बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली. विष चढत गेले तसतशा वाटेतील पेशी मेल्या, तरीही द्रव वर जातच राहिला. वनस्पतिशास्त्रात इतक्या थेट रीतीने प्रश्न विचारणारे प्रयोग फार थोडे असावेत.

उत्तर पानांत होते. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी 1894-95 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार पाणी खालून ढकलले जात नाही, ते वरून ओढले जाते. पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, वाफ बाहेर पडते तेव्हा पानातील पेशीभित्तिकांच्या अतिसूक्ष्म छिद्रांतले पाणी आत ओढले जाऊन त्याचा पृष्ठभाग अधिक वक्र होतो आणि मागच्या पाण्याला ताण बसतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने हा ताण जलवाहिन्यांतील (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांतील) अखंड स्तंभातून थेट मुळांपर्यंत पोहोचतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा सूर्याची असते. झाडाला त्यासाठी स्वतःची साखर जाळावी लागत नाही. 1965 मध्ये शोलँडर व सहकाऱ्यांनी हा ताण मोजला, तेव्हा तो दमट जंगलात उणे 4-5 वातावरण (1 वातावरण म्हणजे हवेचा सामान्य दाब; उणे म्हणजे ओढ), तर वाळवंटात उणे 80 वातावरणापर्यंत आढळला. इतक्या ताणाखाली स्तंभ तुटून वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरण्याचा धोका असतो, आणि दुष्काळात झाडे मरण्याचे एक प्रमुख कारण हेच आहे. शेजारच्या वाहिन्यांमधील खाचांचे सूक्ष्म पडदे बुडबुड्याला अडवतात व पाणी बाजूने वाट काढते.

क्षारांची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण ते केवळ ओढीने आत येत नाहीत. मूलरोमांमुळे, म्हणजे मुळांवरील केसांसारख्या बारीक तंतूंमुळे, मुळांचा मातीशी संपर्क अफाट वाढतो. डिट्मर यांनी 1937 मध्ये राय धान्याच्या एकाच रोपावर सुमारे 1,400 कोटी मूलरोम असल्याचा हिशेब मांडला होता. पेशींच्या फटींमधून झिरपत आलेले पाणी अंतस्त्वचेपाशी, म्हणजे मुळाच्या आतल्या एका थरापाशी, जलरोधक कॅस्पारी पट्टीला अडते आणि त्याला जिवंत पेशीच्या पटलातूनच पुढे जावे लागते. तेथे निवड होते. नायट्रेटसारखे आयन (क्षारांचे विद्युतभारित कण) मातीपेक्षा पेशीत अधिक असले, तरी ऊर्जा खर्चून आत घेतले जातात, आणि या ऊर्जेसाठी मुळांना प्राणवायू हवा असतो. म्हणूनच पाणी साचलेल्या जमिनीत मुळे गुदमरतात, आणि सभोवती पाणी असूनही रोप कोमेजते. फॉस्फेट मातीच्या कणांना चिकटून राहते, त्यामुळे मुळालगतचा साठा लवकर संपतो; अशा वेळी बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आपले बारीक धागे दूरवर पसरवून ते आणून देते व मोबदल्यात साखर घेते.

ही साखर पानांतून रसवाहिन्यांमार्गे येते. एर्न्स्ट म्युंच यांनी 1930 मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, साखर भरलेल्या रसवाहिनीत शेजारच्या जलवाहिनीतून पाणी शिरते, दाब वाढतो आणि रस मुळांकडे किंवा फळांकडे लोटला जातो. म्हणजे जलवाहिनीत ताण असतो, तर तिला लागून असलेल्या रसवाहिनीत दाब. मुळांशी साखर उतरवून घेतली की मोकळे झालेले पाणी पुन्हा जलवाहिन्यांत शिरून पानांकडे चढू लागते.