उलट बोललात, पण उत्तर कुठे दिलंत?

कॉलेजांच्या स्पर्धांचा मोसम सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, माझं वक्तृत्व चांगलं आहे, वादविवादालाही नाव देऊ का?’ द्या की. पण तेच भाषण घेऊन जाणार असाल तर घरीच बसा.

वक्तृत्वाबद्दल फार सांगत नाही. १ ऑगस्टला शाळेत टिळकांच्या शेंगांची टरफलं ज्यानं उचलली नाहीत, असा मराठी माणूस विरळा. अ‍ॅरिस्टॉटलनं भाषणाचे तीन प्रकार केले होते: न्यायालयातलं, पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या सभेतलं आणि गौरवाचं किंवा निंदेचं समारंभी भाषण. आपल्या वक्तृत्व स्पर्धा बहुतेक या तिसऱ्यात मोडतात. विषय आधी मिळतो, भाषण घोटवता येतं, समोर श्रोते असतात आणि मध्येच कुणी तोडत नाही. यात कमीपणा काही नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५पासून श्रोत्यांना तासन्‌तास बसवून ठेवते आहे, तीही वक्तृत्वाच्याच जोरावर.

वेळ किती, घंटा किती वाजतात, स्पर्धक एकटा की जोडीनं, हे फरक नियमपत्रिकेत वाचा. मुलं अडखळतात ती दुसरीकडेच.

उलट बोलणं म्हणजे खंडन, असा त्यांचा समज असतो. विषय घेऊ: ‘महाविद्यालयांतली ७५ टक्के हजेरीची सक्ती रद्द करावी.’ प्रतिकूल बाजूची मुलगी म्हणते, ‘सक्ती गेली तर वर्ग ओस पडतील.’ पाठोपाठ अनुकूल बाजूचा मुलगा उठतो. सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक, गुरुजन आणि मित्रमैत्रिणी यांच्यात त्याचा अर्धा मिनिट जातो. मग एक चारोळी. मग स्वातंत्र्य, तरुणाई, पंख आणि आकाश. शेवटी ठासून, ‘म्हणून सक्ती नकोच!’ टाळ्या पडतात. ओस पडणारे वर्ग मात्र जागच्या जागी. मुलीच्या मुद्द्याला त्यानं हातही लावला नाही.

आता खंडन बघा. ‘माझ्या प्रतिस्पर्धी म्हणाल्या, वर्ग ओस पडतील. काही पडतील, मान्य. पण वर्गात बसलं की शिकणं होतं, हे त्यांनी धरून चालवलंय. मागच्या बाकावर मोबाइल बघणाऱ्याची हजेरी पूर्ण भरते. आणि जो वर्ग सक्ती उठताच रिकामा होतो, तिथे दुखणं हजेरीचं आहे की शिकवण्याचं?’ समोरच्याचा मुद्दा तिच्याच शब्दांत मांडला, खरा होता तेवढा कबूल केला, तो ज्या गृहीतकावर उभा होता ते उकरलं आणि मग उत्तर द्यायचा भार तिच्यावर टाकला. चारोळी लागली नाही, आवाजही चढवावा लागला नाही. मुलगी कसलेली असेल तर लगेच विचारेल, ‘शिकवण्याचं दुखणं सक्ती उठवून कसं बरं होणार?’ वादविवाद खरा इथून सुरू होतो. हे घरून पाठ करून आणता येत नाही. समोरची बोलत असताना कान आणि पेन दोन्ही चालू लागतात. आपली मुलं त्या वेळी स्वतःचं भाषण मनातल्या मनात म्हणत बसलेली असतात.

दुसऱ्या टोकालाही एक खड्डा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या आपल्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प, वितंडा. वाद तत्त्व जाणून घेण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी. वितंडेत माणूस समोरच्याचं मोडत सुटतो, स्वतःची बाजू मांडतच नाही. आपण कुठल्याही भांडणाला ‘वितंडवाद’ म्हणतो, ती माझी जुनी चीड आहे. भांडणाऱ्या दोघांचंही निदान काहीतरी म्हणणं असतं!

दोष एकट्या मुलांचा नाही. मराठी स्पर्धांत एकाच कॉलेजचे दोघे येतात, एक अनुकूल, दुसरा प्रतिकूल, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून फिरता करंडक दिला जातो. मग एकमेकांना उत्तर द्यायची गरजच काय? दोन वक्तृत्वं लागोपाठ होतात. ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत प्रत्येकी दोघांचे चार संघ असतात, विषय फक्त १५ मिनिटं आधी कळतो, भाषण सात मिनिटांचं, आणि पहिला व शेवटचा मिनिट सोडून समोरचा उठून प्रश्न मांडू शकतो. १९८१मध्ये ग्लासगोला सुरू झालेली विद्यापीठांची जागतिक स्पर्धा आज याच पद्धतीनं होते. तिथली काही मुलं लिलाव पुकारल्यासारखी बोलतात, ते मला अजिबात आवडत नाही. पण ती ऐकून बोलतात. निवड करायची झाली तर मी अडखळत उत्तर देणाऱ्याला गुण देईन, अस्खलित न ऐकणाऱ्याला नाही.

मागे एका स्पर्धेला परीक्षक होतो. गुणपत्रिकेत आशय, उच्चार, देहबोली, सादरीकरण असे चार रकाने होते. खंडनाचा नव्हताच. मी पट्टी घेऊन पाचवा आखला. निकालाच्या वेळी संयोजक माझा कागद घेऊन धावत आले. ‘सर, बाकी दोघा परीक्षकांच्या बेरजा जुळतायत, तुमचीच वाढतेय.’