फिअर आणि कन्डेम्ड: दोन्ही भुताटकीचे, पण गेम एक नाही

सिडकोतल्या मावसभावाचा परवा रात्री फोन आला, म्हणे दादा तू सांगितलेला तो शूटिंग गेम टाकला पण यात शूटिंग कुठंय, सुरुवातीला पिस्तूल होतं तेही गेलं, आता अर्धा तास लोखंडी पाइप घेऊन फिरतोय. म्हटलं येड्या, तू फिअर नाही, कन्डेम्ड टाकलास.

त्याचीही चूक नाही म्हणा. दोन्ही मोनोलिथ या गेम कंपनीने केलेले, दोन्ही २००५ चे, गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, तेच, आणि दोन्हीत टॉर्च लावून अंधारात चालायचं.

फिअरमध्ये खरा माल म्हणजे गोळीबार. समोरचे सैनिक नुसते उभे राहून मरत नाहीत, टेबल पाडून आडोसा करतात, खिडकीतून उडी मारतात, आपसात ओरडून तुमची जागा सांगतात, आणि तुम्ही स्लो मोशन दाबलं की भिंतीच्या प्लास्टरची धूळ हवेत तरंगतेय आणि त्यातून शॉटगनचा बार निघतोय असलं काहीतरी दिसतं, आजही भारी वाटतं राव. पण भीती? शिडीवरून उतरायला वळलो तर वर आल्मा, म्हणजे यातली भुताची पोरगी, उभी, तेव्हा मी खुर्चीतून उडालो होतो, खोटं नाही बोलत. मात्र थोड्या वेळाने कळतं की ही पोरगी बहुतेक वेळा नुसती दिसते आणि जाते, करत काही नाही. वर जखम भरून काढणारे दहा मेडिकिट खिशात असल्यावर कोण घाबरतंय. आणि ती ऑफिसं! तेच क्युबिकल, तेच कॉरिडॉर, कंटाळा येतो.

कन्डेम्डमध्ये उलटं. एका वेळी एकच हत्यार, बंदूक मिळाली तरी आहेत तेवढ्याच गोळ्या, संपल्या की तीच बंदूक उलटी धरून हाणायची. कुऱ्हाडीने लाकडी दार फुटतं पण ती फिरवायला जड, पाइप हलका पण दार तसंच राहतं, म्हणजे काय टाकायचं आणि काय उचलायचं यातच घाम फुटतो. समोरचा माणूस खोटा वार करून तुम्हाला फसवतो, मग लपून बसतो. यात भीती मारामारीतच आहे, वेगळी आणून चिकटवलेली नाही. ते पुतळ्यांचं डिपार्टमेंट स्टोअर तर विचारूच नका, पाठ फिरवली की पुतळे जागा बदलतात.

गंडलंय ते पुराव्यांच्या तपासात. कुठलं यंत्र कधी काढायचं हे गेमच सांगतो, आपण नुसतं बटण दाबायचं, मग आपण अमेरिकेच्या तपास यंत्रणेचे, एफबीआयवाले, कसले? शेवटही गुंडाळलाय.

भावाला म्हटलं फिअर पाठवू का, तर नको म्हणाला, पाइप जमायला लागलाय. फक्त खेळताना आजीला शेजारी मटार सोलायला बसवतो.