शरीराबाहेर जगवलेल्या टी पेशी : कार्ल जून यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत आणि मेळघाटात सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आता कोणालाच नवी राहिलेली नाही. ‘एएस पॅटर्न’ (वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द आशाताईंच्या तोंडी जितके सहज येतात, तितकेच लग्न जुळवणाऱ्या घरांतही येतात. अलीकडे मात्र या तपासणीच्या निमित्ताने एक वेगळाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. मुंबईत रुग्णाच्याच पेशी बदलून ब्लड कॅन्सरवर उपचार करतात, तोच उपचार सिकलसेलला चालेल का? प्रश्न रास्त आहे. त्याचे नुसते ‘नाही’ असे उत्तर देणे अन्यायाचे ठरेल, कारण दोन्ही उपचारांची मुळे एकाच इतिहासात आहेत. अमेरिकेतील प्रतिकारशक्तिशास्त्रज्ञ डॉ. कार्ल जून यांच्या कामाचा मागोवा घेतला, तर तो इतिहास बऱ्यापैकी उलगडतो.

छातीच्या हाडामागील थायमस ही ग्रंथी निरुपयोगी नसून प्रतिकारशक्तीच्या जडणघडणीत तिचा वाटा आहे, हे जाक मिलर यांनी 1961 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. त्या ग्रंथीत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे टी पेशी. विषाणूने ग्रासलेली किंवा बिघडलेली पेशी ओळखून तिला मारणे हे त्यांतील एका मोठ्या गटाचे काम असते. रक्तातून बाहेर काढलेल्या टी पेशी फार काळ टिकत नसत, त्यामुळे त्यांच्यावर काम करणे अनेक वर्षे अवघड होते. टी पेशींच्या वाढीला लागणारा घटक 1976 साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेत हाती लागला आणि त्यानंतर त्या काचपात्रात वाढवता येऊ लागल्या. माझ्या मते पुढील सगळ्या इतिहासाचा कणा इथेच आहे. पेशीत जनुक घालण्याचे तंत्र महत्त्वाचे खरेच, पण पेशी शरीराबाहेर जगवणे, तिची संख्या वाढवणे आणि परत आत सोडल्यावर ती तग धरेल असे करणे हे काम अधिक कठीण ठरले.

मान्यताप्राप्त जनुक उपचाराचा पहिला प्रयोग टी पेशींवरच झाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. एडीए या विकराच्या (एन्झाइमच्या) अभावामुळे प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या चार वर्षांच्या मुलीच्या टी पेशी अमेरिकेत बेथेस्डा येथे बाहेर काढून, त्यांत निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत योग्य जनुक घालण्यात आले आणि 14 सप्टेंबर 1990 रोजी त्या तिला परत देण्यात आल्या. मुलगी जगली, परंतु तिला त्या विकराचे इंजेक्शनही सुरूच होते, म्हणून श्रेय नेमके कशाचे हा वाद उरला. पुढे पॅरिसमध्ये ॲलेन फिशर यांच्या गटाने दुसऱ्या एका जन्मजात प्रतिकारदोषावर मूळपेशींमार्फत (रक्तपेशी ज्यांपासून बनतात त्या) उपचार केले आणि मुलांची प्रतिकारशक्ती खरोखर उभी राहिली. मात्र घातलेले जनुक चुकीच्या जागी बसल्यामुळे त्यांपैकी काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. या घटनेने संपूर्ण क्षेत्र हादरले आणि पुढची काही वर्षे प्रत्येक पाऊल फार जपून टाकले गेले.

कार्ल जून या वाटेवर आले ते नौदलातून. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून 1975 साली आणि ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1979 साली ते पदवीधर झाले. अणुहल्ल्यात किरणोत्साराने अस्थिमज्जा नष्ट झालेल्या सैनिकांवर उपचार करू शकणारे डॉक्टर नौदलाला हवे होते, म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकण्यासाठी त्यांना सिॲटलला पाठवण्यात आले. परत आल्यावर बेथेस्डातील नौदलाच्या संशोधन संस्थेत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. कर्करोग हा लष्कराच्या जिव्हाळ्याचा विषय नव्हता. संसर्गजन्य रोग होता, आणि त्या काळी एचआयव्हीची साथ वाढत होती. एचआयव्ही नेमका टी पेशींनाच ग्रासतो, त्यामुळे जून यांचे काम त्या विषाणूकडे वळले.

टी पेशीला जागे करण्यासाठी एक संकेत पुरत नाही, सीडी28 या रेणूमार्फत दुसराही द्यावा लागतो. हे दोन्ही संकेत सूक्ष्म चुंबकीय मण्यांवर बसवून जून आणि त्यांचे सहकारी ब्रूस लेव्हिन यांनी एचआयव्हीबाधित रुग्णांच्या टी पेशी वाढवल्या. पेशी तर जोमाने वाढल्याच, शिवाय त्यांत विषाणूचा फैलावही रोखला गेला. ही पद्धत 1996 साली प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास एचआयव्हीविरुद्ध जनुक घातलेल्या टी पेशी रुग्णांना देण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यांतून एचआयव्ही बरा झाला नाही, पण त्या पेशी दहा वर्षांहून अधिक काळ रुग्णांच्या रक्तात सापडत राहिल्या. बदललेली टी पेशी शरीरात रुजते आणि स्वतः कर्करोगी होत नाही, असा भक्कम दिलासा पॅरिसच्या अनुभवानंतर या रुग्णांनीच दिला, आणि ज्यांना त्याचा स्वतःला लाभ झाला नाही त्यांचे हे ऋण नोंदवलेच पाहिजे.

दरम्यान 1989 साली इस्रायलमध्ये झेलिग एशहार यांनी प्रतिपिंडाचे (अँटिबॉडीचे) ओळखणारे टोक टी पेशीच्या संकेतयंत्रणेला जोडून दाखवले होते. टी पेशी बदलून कर्करोगावर करण्याच्या उपचाराला ‘कार-टी’ म्हणतात; त्यातील ‘कार’ म्हणजे हीच जोडणी. सुरुवातीच्या अशा पेशी रुग्णाच्या शरीरात लवकरच मरून जात. मुळे न धरलेले धानाचे पऱ्हे बांधीत रोवावेत तसे होई. कार्ल जून हे 1999 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले. त्यांच्या पत्नी अंडाशयाच्या कर्करोगाने आजारी होत्या आणि 2001 साली पत्नीचे निधन झाले. त्यानंतर जून यांनी कर्करोगावरच लक्ष केंद्रित केले. दारिओ काम्पाना या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत रचलेला, पेशीला दीर्घकाळ टिकवणारा 4-1बीबी हा भाग, एचआयव्हीपासूनच बनवलेला वाहक विषाणू आणि स्वतःचे मणी यांची सांगड घालून 2010 साली त्यांनी तीन वृद्ध रुग्णांवर उपचार केले. तिघांपैकी दोघांचा कर्करोग पूर्णपणे मागे हटला.

एप्रिल 2012 मध्ये पहिल्या बालरुग्णाला, एका सहा-सात वर्षांच्या मुलीला, या पेशी दिल्यावर तिची प्रकृती अत्यंत गंभीर झाली. तिच्या रक्तात आयएल-6 हा दाह वाढवणारा घटक बेसुमार वाढल्याचे तपासणीत दिसले. जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात असल्याने आयएल-6 रोखणारे टोसिलिझुमॅब हे औषध त्यांना ठाऊक होते. ते दिल्यानंतर मुलगी सावरली आणि कर्करोगमुक्त झाली. ते औषध त्या रात्री कोणाला सुचले नसते, तर हा उपचार तिथेच थांबला असता असे मला वाटते. अमेरिकेने 30 ऑगस्ट 2017 रोजी त्याला मान्यता दिली. किंमत होती 4,75,000 डॉलर. या पेशींमुळे क्वचित दुसरा कर्करोग उद्भवण्याचा इशारा औषधावर छापण्याचा आदेश 2024 साली देण्यात आला, हेही सांगितले पाहिजे.

भारतात आयआयटी मुंबईतील डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसह स्वतंत्रपणे तयार केलेल्या ‘नेक्सकार19’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. परदेशी किमतीच्या जवळपास दहाव्या हिश्श्यात तो उपलब्ध झाला, तरी ती रक्कम लाखांतच आहे. शिवाय पेशी काढणे, त्या प्रयोगशाळेत वाढवणे, आधीची केमोथेरपी आणि नंतरची देखरेख यांसाठी रुग्णाला आठवडेच्या आठवडे मोठ्या रुग्णालयाच्या आसपास राहावे लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की ज्या भामरागडचा संपर्क तुटतो, तिथल्या कुटुंबासाठी हा खर्च औषधाच्या किमतीत कुठेच दिसत नाही.

आता सिकलसेल. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 सालीच केली होती. हा दोष तांबड्या पेशींचा आहे आणि त्या अस्थिमज्जेतील मूळपेशींपासून बनतात, म्हणून टी पेशी बदलून तो जात नाही. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या ‘कॅसगेव्ही’ या उपचारात मूळपेशी बाहेर काढून त्यांतील बीसीएल11ए या जनुकाचे नियंत्रण क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने कापतात, त्यामुळे गर्भावस्थेतील, या दोषापासून मुक्त असलेले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. पेशी परत देण्यापूर्वी तीव्र केमोथेरपीने मज्जा रिकामी करावी लागते. किंमत 22 लाख डॉलर. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा भर म्हणूनच तपासणी, समुपदेशन आणि हायड्रॉक्सीयुरिया या गोळीवर आहे, आणि एसएस रुग्णाने या उपचाराच्या आशेवर ती गोळी सोडू नये.

पेशी बाहेर काढण्याची गरजच टाळता येईल का, यावर आता काम सुरू आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच 2022 साली स्निग्ध कणांत भरलेल्या एमआरएनएचे (पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणाऱ्या रेणूचे) इंजेक्शन देऊन उंदरांच्या शरीरातच टी पेशी बदलण्यात आल्या. माणसांवरील अशा चाचण्याही सुरू झाल्या आहेत. जिल्हा रुग्णालयात शीतसाखळीतून येणारी कुपी एवढ्यावर हा उपचार आणता येईल का, हे त्यांच्या निकालांवर ठरेल.