ओंडक्यांची वाहतूक आणि धुरीकरणाचा वाद : पार्श्वभूमी

बडोदा संस्थानच्या काळात लाकडाची वाहतूक हा मुख्यतः रुळांचा प्रश्न होता. बिलिमोऱ्याहून डांगच्या वघईपर्यंत जाणारी सुमारे 63 किलोमीटरची नॅरोगेज 1913 मध्ये सुरू झाली, तीच मुळी जंगलातला साग खाली आणण्यासाठी. सागाच्या अंतःकाष्ठाला, म्हणजे गाभ्याच्या लाकडाला, वाळवी सहसा लागत नसल्यामुळे काळजी असे ती चोरीची, आगीची आणि ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाला जाणाऱ्या तड्याची. त्यासाठी तोंडात इंग्रजी ‘एस’च्या आकाराची लोखंडी पट्टी ठोकली जाई, जी आजही वखारीत दिसते.

डिसेंबर 1996 च्या न्यायालयीन आदेशाने देशातील वृक्षतोडीवर कडक बंधने आली आणि 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबवली. वडोदऱ्याच्या लातींमध्ये, म्हणजे लाकडाच्या वखारींमध्ये, कांडल्याहून ट्रकने येणारा न्यूझीलंडचा पाइन आता नवलाचा राहिलेला नाही. हे लाकूड ओलसर व कीड धरणारे असल्याने भारतीय नियमांनी त्याच्यासाठी मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी (21 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानात दर घनमीटरला 48 ग्रॅम, 24 तास) किंवा गाभ्यापर्यंत 56 अंशांची उष्णता 30 मिनिटे देण्याची अट घातली. जहाजभर ओंडके तापवणे परवडत नाही, त्यामुळे व्यवहारात धुरीच उरली.

खरा वाद इथेच आहे. ओझोनचा थर विरळ करणारा म्हणून हा वायू 1992 मध्ये आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. मात्र कीडबंदीसाठी आणि निर्यातीपूर्वी होणारा त्याचा वापर त्यातून वगळला गेला. युरोपीय संघाने 2010 मध्ये तीही सूट बंद केली. न्यूझीलंडने त्याच वर्षी हवेत सुटणारा वायू परत पकडण्याची अट 10 वर्षांच्या मुदतीसह घातली आणि पुढे ती मुदतही वाढवली. फॉस्फिन या दुसऱ्या धुरीच्या वायूचा पर्याय प्रवासात जहाजाच्या तळघरातच वापरता येतो. चीनकडे जाणाऱ्या मालाला तो चाललाही. आयातदार देशाला किडीची भीती असणे रास्त आहे, परंतु ओझोनसाठी बंदीची तारीख आणि कीडबंदीसाठी सूट, हा तोडगा सोयीचाच म्हणावा लागतो.

या साऱ्या चर्चेत माणूस मागे राहिला. बंद तळघरात ओले ओंडके हवेतला प्राणवायू शोषून घेतात. हवेतले 21 टक्के प्रमाण इतके घसरू शकते की शिडीने उतरणारा खलाशी काही क्षणांत कोसळतो. मोठ्या प्रमाणात सुटा माल वाहणाऱ्या जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली 1 जानेवारी 2011 पासून बंधनकारक झाली आणि लाकडाच्या बाबतीत हा धोका तिच्यात स्पष्टपणे नोंदवला गेला. डेकवरच्या लाकडासाठीचे, म्हणजे मुख्यतः साखळ्या, दोर आणि जहाजाचा तोल यांचे नियम मात्र 1973 पासूनच आहेत. मिथाइल ब्रोमाइड तर हवेच्या तिपटीहून जड आणि जवळजवळ गंधहीन असते; नीट वारा न दिलेला कंटेनर लातीत उघडला गेला, तर तळाशी साचलेल्या वायूत पहिल्यांदा शिरतो तो हमालच.