फोटॉन मोजणारे हिरवे स्फटिक

पोटॅशियम फेरीऑक्झॅलेटचे स्फटिक पाचूसारखे हिरवेगार असतात, पण ठेवायचे मात्र तपकिरी बाटलीत, अंधारात. उन्हात राहिले की त्यांच्यावर पिवळी भुकटी धरते. माल खराब झाला म्हणून कुणी हळहळेल. मला मात्र हे खराब होणंच भारी आवडतं, कारण किती खराब झालं यावरून किती प्रकाश पडला ते मोजता येतं.

स्फटिकात लोहाचा प्रत्येक आयन (विद्युतभारित अणू) +३ अवस्थेत, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेला असतो आणि तीन ऑक्झॅलेट (कार्बन-ऑक्सिजनचे ऋणभारित आयन) त्याला पंख्याच्या पात्यांसारखे धरून बसलेले असतात. निळा किंवा अतिनील फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषला गेला की ऑक्झॅलेटचा एक इलेक्ट्रॉन लोहाकडे जातो. लोह +२ होतं. म्हणजे एका फोटॉनमागे फार तर एक लोह, नाही का? प्रत्यक्षात सरासरी १.२ च्या आसपास भरते! इलेक्ट्रॉन गमावलेलं ऑक्झॅलेट तुटतं, कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो आणि मागे एक ऋणभारित मुक्त मूलक (एकटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) उरतो. त्याला आपला जादा इलेक्ट्रॉन जड झालेला असतो. तो जवळच्या दुसऱ्या +३ लोहाच्या गळ्यात मारून तोही कार्बन डायऑक्साइड होतो. या दुसऱ्या पायरीला प्रकाश लागतच नाही. हिशेबाने २ यायला हवेत, पण काही फोटॉन वाया जातात. (यात ‘फुकटची ऊर्जा’ शोधू नये. ऑक्झॅलेट खर्ची पडतं.)

हॅचर्ड आणि पार्कर या रसायनशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये यावरून प्रकाश मोजण्याची पद्धत पक्की केली. या स्फटिकांच्या द्रावणावर प्रकाश पाडायचा, मग फिनँथ्रोलिन हे रंग देणारं रसायन घालायचं. +२ लोहासोबत ते लालकेशरी रंग देतं आणि ५१० नॅनोमीटरला त्या रंगाची तीव्रता मोजली की फोटॉनांची संख्या निघते. बाकी सगळं काम लाल दिव्यात, नाहीतर खोलीतला उजेडही मोजला जातो.

ऑक्झॅलेट विषारी असतं. पोटात गेलं तर रक्तातलं कॅल्शियम पकडतं आणि न विरघळणारे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच, भुकटी उडू द्यायची नाही. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं पाण्याने धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. गिळलं गेलं तर तडक दवाखाना. आणि द्रावणाच्या बाटलीला घट्ट बूच लावून ती उजेडात विसरू नये: वर सांगितलेला कार्बन डायऑक्साइड आत साठतच राहतो.